पेशींतील दाटी आणि प्रथिनांची घडी

गाय व्याल्यानंतरचा पहिल्या दिवशींचा चीक वाफवला कीं त्याची घट्ट वडी पडते. तिसऱ्या दिवशींच्या चिकांत पहिल्या दिवसाच्याच मापानें दूध मिसळलें तर खरवस सैल होतो. आणि नुसतें दूध आटवून त्याचा खवा होईल, पण वाफवून त्याची वडी कधींहि पडणार नाहीं. अनुभवी गृहिणींस हें ठाऊक असतें व त्या मापांत त्याप्रमाणें फेरफारहि करितात. यामागील शास्त्र असें कीं, पहिल्या चिकांत प्रथिनांचें प्रमाण साध्या दुधाच्या सुमारें चौपट असतें, आणि त्यांतील पुष्कळशीं प्रथिनें उष्णतेनें उलगडणाऱ्या जातीचीं असतात. उलगडलेलें एक प्रथिन शेजारच्या दुसऱ्यांत अडकतें, दुसरें तिसऱ्यांत, आणि पाहतां पाहतां सर्व पातळ पदार्थांत जाळें विणलें जाऊन तो थिजतो. दुधांतहि त्या जातीचीं प्रथिनें आहेत व तींहि उलगडतात. पण तीं विरळ असल्यामुळें जाळें पुरें होत नाहीं. म्हणजे द्रव्य तेंच व विस्तवहि तोच; निकाल मात्र दाटीवर अवलंबून राहिला.

प्रस्तुत लेखाचा विषय हीच दाटी होय. ती चुलीवरच्या भांड्यांत असते तशी आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशींतहि असते, आणि तिच्यामुळें प्रथिनांचें कांहीं बाबतींत भलें होतें तर कांहीं बाबतींत घात होतो. हा केवळ प्रयोगशाळेंतील विद्वानांचा प्रश्न असता तर कुटुंबांतील सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत त्याची चर्चा करण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु आमच्या नागपुरांत व विदर्भांत असंख्य घरांतील मुलांचें दुखणें या एका प्रश्नाशीं बांधलेलें आहे, म्हणून तो नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम प्रथिन म्हणजे काय तें पाहूं. १८३८ सालीं युरोपांत या द्रव्यास ‘प्रोटीन’ असें नांव मिळालें. ‘पहिलें, अग्रस्थानीं असलेलें’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें आहे. आपला ‘प्रथिन’ शब्द ‘प्रथम’ या शब्दाची आठवण करून देतो, तेव्हां दोन्ही नांवांचा सूर जुळला आहे. प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी असते. हीं आम्लें मुख्यत्वें वीस प्रकारचीं. वर्णमालेंतील अक्षरांप्रमाणें तीं निरनिराळ्या क्रमानें जोडलीं जाऊन हजारों प्रथिनें बनतात. पण साखळी तयार झाली म्हणजे प्रथिन कामास लागलें असें नव्हे. ती ठराविक रीतीनें वळली, दुमडली व तिची एक निश्चित घडी बसली, म्हणजेच तिच्या अंगीं सामर्थ्य येतें. साखळी कोठें व किती वळूं शकेल याचा नकाशा १९६३ सालीं मद्रास येथें गो. ना. रामचंद्रन् व त्यांचे सहकारी रामकृष्णन् आणि शशिशेखरन् यांनीं सिद्ध केला. त्याचें मूळ तत्त्व अगदीं सोपें आहे: दोन अणु एकाच जागीं बसूं शकत नाहींत. याच तत्त्वाशीं आपणांस पुढें पुन्हां गांठ घालावयाची आहे.

घडी कशी घालावी हें प्रथिनास कोण शिकवितें? अमेरिकेंतील क्रिश्चन ॲन्फिन्सन यांनीं या प्रश्नाचा छडा लावला. रिबोन्यूक्लिएज नांवाचें १२४ अमिनो आम्लांचें प्रथिन घेऊन त्यांनीं त्याची घडी रसायनांनीं पूर्णपणें मोडली, त्यांतील चारहि गंधकबंध तोडले आणि मग तीं रसायनें काढून टाकलीं. मोडलेलें प्रथिन आपोआप पूर्ववत् दुमडून कामास लागलें. ते चार बंध १०५ निरनिराळ्या रीतींनीं जुळूं शकले असते. परंतु तें प्रथिन अचूकपणें मूळच्या जोडणीवर आलें. यावरून घडीचें ज्ञान साखळींतील अक्षरक्रमांतच सांठविलेलें आहे असा सिद्धांत निघाला, व १९७२ सालीं ॲन्फिन्सन यांस रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

सिद्धांत खरा, पण प्रयोग झाला तो काचेच्या नळींत, भरपूर पाण्यांत, प्रथिन अगदीं विरळ असतां. जिवंत पेशींत अशी मोकळीक कोठची? आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या एका साध्या जंतूच्या पेशींत दर लिटरमागें ३०० ते ४०० ग्रॅम मोठे रेणु दाटलेले असतात. पेशीच्या आंतील जागेचा पांचवा ते तिसरा हिस्सा त्यांनींच व्यापलेला असतो. तेथें एकेका जातीचें प्रथिन थोडेंच असेल, परंतु सर्वांची मिळून गर्दी होते. या स्थितीला शास्त्रांत रूढ झालेलें ‘दाटी’ या अर्थाचें नांव अमेरिकेंतील ॲलन मिंटन यांच्या १९८१ मधील लिखाणापासून प्रचारांत आलें.

आतां कोणी म्हणेल, ‘चतुर्थांश जागा भरली तर तीन चतुर्थांश मोकळीच राहिली; मग अडचण कसली?’ याचें उत्तर संत्र्यांच्या पेटींत आहे. पेटी भरल्यावर फटींत मूठभर मोहरी सहज मावेल, पण आणखी एक संत्रें मावणार नाहीं. मोकळी जागा किती हें येणाऱ्या पाहुण्याच्या आकारमानावर ठरतें. गणितानेंहि हें दाखवितां येतें. दोन सारख्या गोळ्यांचे मध्य एका व्यासाहून अधिक जवळ येऊं शकत नाहींत. म्हणजे प्रत्येक गोळा आपल्याभोंवतीं, स्वतःच्या दुप्पट त्रिज्येचें, अर्थात् आठपट घनफळाचें क्षेत्र दुसऱ्या गोळ्याच्या मध्यास बंद करतो. चतुर्थांश जागा गोळ्यांनीं भरली असेल तर चतुर्थांशाची आठपट म्हणजे सबंध जागेच्या दुप्पट! हीं बंद क्षेत्रें एकमेकांवर पडतात म्हणूनच थोडीफार वाट उरते. पाण्याच्या रेणूस तेथें मुक्त संचार आहे. पण प्रथिनास मात्र दाराशींच खोळंबावें लागतें.

या दाटीचे परिणाम दोन, आणि ते परस्परांविरुद्ध आहेत. भरलेल्या पेटींत नऊवारी लुगडें सोडून टाकलें तर मावत नाहीं, घडी करून ठेवलें तर मावतें. त्याचप्रमाणें दाटींत ऐसपैस पसरलेल्या साखळीपेक्षां आटोपशीर घडी घातलेल्या साखळीस जागा कमी लागत असल्यामुळें दाटी घडीला अनुकूल ठरते. हा पहिला परिणाम. दुसरा असा कीं, दोन प्रथिनें एकमेकांस चिकटलीं म्हणजे त्यांचीं बंद क्षेत्रें एकमेकांवर पडतात व इतरांस जागा मोकळी होते. म्हणून दाटी एकत्र चिकटण्यासहि उत्तेजन देते. अर्धवट दुमडलेल्या साखळ्या जवळ जवळ असल्या तर स्वतःची घडी बसण्यापूर्वींच त्या एकमेकींत गुंततात, म्हणजे खरवसाचीच गोष्ट झाली. १९९९ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं लायसोझाइम नांवाच्या प्रथिनावर प्रयोग केले. गंधकबंध तोडून उलगडलेलें तें प्रथिन कृत्रिम दाटींत परत दुमडूं दिलें तेव्हां विरळ पाण्यांतल्यापेक्षां पुष्कळ अधिक गुंता झाल्याचें त्यांस दिसून आलें.

हा गुंता टाळण्याकरितां सृष्टीनें पेशींत एक योजना करून ठेविली आहे. नव्या, कोंवळ्या साखळीबरोबर कांहीं प्रथिनें सोबतीस राहतात व ती भलत्याशीं चिकटूं नये म्हणून तिला जपतात. इंग्रजींत त्यांस तरुण मुलीसोबत जाणाऱ्या वडीलधाऱ्या बाईचें नांव दिलें आहे. आपल्याकडे त्यांस ‘पाठराखीण प्रथिनें’ म्हणावें हें उत्तम. नववधूस सासरच्या गर्दींत बावरूं न देणें हें पाठराखणीचें काम, तेंच येथेंहि. त्यांपैकीं एक तर पिंपासारखें पोकळ असून वर झांकण घालतें. आंत एकच साखळी घेऊन, बाहेरच्या दाटीपासून दूर, एकांतांत तिला घडी घालण्यास अवसर देतें.

अर्थात् पेशी म्हणजे नुसत्या निर्जीव गोळ्यांची पेटी नव्हे. तेथील शेजारी जागा अडवितात, तसेच ते हलकेंच ओढतात किंवा दूरहि लोटतात. या ओढाताणीमुळें कांहीं प्रथिनांची घडी दाटींत बळकट न होतां उलट ढिली होते, असेंहि आढळून आलें आहे. म्हणून कोणत्या प्रथिनास दाटी तारक व कोणत्यास मारक हें एकेक प्रथिन पाहूनच ठरवावें लागतें.

आतां विदर्भाकडे वळूं. शरीरांत अत्यंत दाटी असलेल्या जागांपैकीं एक म्हणजे आपल्या रक्तांतील तांबडा कण. त्यांत पेशीचें केंद्र नाहीं, इतर सामानहि जवळ जवळ नाहीं. एकट्या हिमोग्लोबिनचे सुमारें २७ कोटी रेणु एका कणांत ठासून भरलेले असतात. त्यांचें प्रमाण दर १०० मिलिलिटरमागें ३३-३४ ग्रॅम पडतें. इतक्या दाटींतहि निरोगी हिमोग्लोबिन परस्परांस चिकटत नाहीं, प्राणवायु घेतें व देतें, हें एक आश्चर्यच आहे. परंतु साखळींत एक अक्षर बदललें कीं हा सलोखा मोडतो. त्या मोडण्याचें नांव सिकलसेल.

या रोगाचें पहिलें वर्णन १९१० सालीं शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनीं प्रसिद्ध केलें. रोग्याच्या रक्तांत त्यांस विळ्याच्या आकाराचे कण दिसले, त्यावरून पुढें हें नांव पडलें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा रोग रेणूचा आहे असें सिद्ध केलें, आणि १९५७ पर्यंत व्हर्नन इंग्रॅम यांनीं नेमका दोष शोधून काढला. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांपैकीं ज्या दोन १४६ अमिनो आम्लांच्या असतात, त्यांत सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन आलेलें असतें. संस्कृतज्ञांस ‘सकल’ आणि ‘शकल’ हे शब्द परिचित आहेत. एका वर्णाचा फरक, पण पहिल्याचा अर्थ संपूर्ण, दुसऱ्याचा तुकडा! तसेंच हें. घडी बिघडत नाहीं. परंतु प्राणवायु सोडल्यावर रेणूच्या पृष्ठभागावरील व्हॅलिनचा पाणी टाळणारा ठिपका शेजाऱ्याच्या खांचेंत बसतो. असे रेणु ओळीनें जुळत जातात, चौदा ओळींचा पिळलेला दोर होतो, आणि असे दोर कणास आंतून ताणून त्याचा विळा करितात. ताठर झालेले कण बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांत, पोटांत, छातींत असह्य कळा येतात. कण लवकर फुटून पांडुरोग होतो. प्लीहा, मूत्रपिंड व मेंदु यांसहि इजा पोंचते.

येथेंच दाटीचा प्रभाव प्रत्ययास येतो. प्राणवायु सोडलेलें हें सदोष हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरमागें सुमारें १६-१७ ग्रॅमपर्यंतच विरघळलेलें राहूं शकतें. रोग्याच्या कणांत तें याच्या दुपटीनें असतें. तथापि दोर तत्काळ होत नाहींत, मध्यें कांहीं काळ जातो. १९७४ सालीं अमेरिकेंतील हॉफ्रिक्टर, रॉस व ईटन यांनीं हा काळ मोजला, तेव्हां हिमोग्लोबिनच्या प्रमाणाच्या जवळ जवळ तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणांत तो बदलतो असें निघालें. बाजू दुप्पट केली तर चौरसाचें क्षेत्रफळ चौपट व घनाचें घनफळ आठपट होतें, हें आपण शाळेंत शिकलों. तेथें घात दोन व तीन, येथें तीस! दाटी अवघी दहा टक्क्यांनीं वाढली तर दोर होण्यास लागणारा काळ सुमारें सतरापट कमी होतो. रक्ताचा कण बारीक वाहिन्यांतून दोनचार सेकंदांत बाहेर पडतो, आणि फुप्फुसांत पोंचून प्राणवायु मिळाला कीं संकट तूर्त टळतें. म्हणजे दोर होण्यापूर्वीं कण सुटला तर रोगी सुखरूप, न सुटला तर कळ. पुष्कळ रुग्णांचें दुखणें या सेकंदांच्या शर्यतीवर ठरत असतें.

हीच किल्ली इतर कुलुपांसहि लागते. ज्यास आई किंवा बाप यांपैकीं एकाकडूनच दोष मिळाला, त्या वाहकाच्या कणांत सदोष हिमोग्लोबिन सुमारें ४० टक्के असतें. म्हणजे तें विरघळण्याच्या मर्यादेच्या आंत राहतें व तो मनुष्य बहुधा आयुष्यभर निरोगी असतो. तान्ह्या मुलाच्या रक्तांत गर्भावस्थेंतील निराळें हिमोग्लोबिन असतें. तें दोरांत सामील होत नाहीं, सबब पहिले कांहीं महिने रोग दबून राहतो. आपल्याकडील पुष्कळ रुग्णांत हें गर्भकालीन हिमोग्लोबिन पुढेंहि बऱ्या प्रमाणांत टिकतें. तथापि म्हणून येथील रोग सौम्यच असतो असें मात्र समजूं नये. हायड्रॉक्सियुरिया हें औषध तेंच हिमोग्लोबिन वाढवितें. त्यामुळें मोठ्या माणसांतील कळांचीं आवर्तनें सुमारें निम्म्यानें कमी होतात हें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील चांचणींत दिसलें. २०२३ सालीं ब्रिटन व अमेरिका यांनीं मान्य केलेल्या जनुकोपचारांपैकीं एकाची युक्तिहि हीच आहे; मात्र त्याचा खर्च सामान्यांच्या आटोक्याबाहेरचा आहे.

दाटी कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी. नागपुरास वैशाखांत पारा ४५ अंशांच्याहि वर जातो हें सांगावयास नको. घामानें अंगांतील पाणी घटलें कीं कणांतीलहि घटतें, हिमोग्लोबिन अधिक दाट होतें, आणि तो तिसावा घात आपलें काम सुरू करतो. शिवाय या रोगांत मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ति मंदावते, त्यामुळें रुग्णास वारंवार लघवीस जावें लागतें व पाणी आणखीच कमी पडतें. शिक्षकबंधूंनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. वर्गांतून सारखें बाहेर जाण्याची परवानगी मागणारा, पाण्याची बाटली जवळून न सोडणारा, कवायतींत लवकर थकणारा व महिन्यांतून चार दिवस हातपाय दुखतात म्हणून घरीं राहणारा मुलगा आळशी किंवा लबाड आहे असें सहज ठरविण्यांत येतें. तो कदाचित् आपल्या रक्तांतील दाटीशीं झगडत असेल. त्यास पाणी पिऊं द्यावें, बाहेर जाऊं द्यावें, भर उन्हांत उभें करूं नये. थंडीच्या दिवसांत गारठ्यांतहि ठेवूं नये. ताप आल्यास किंवा छातींत दुखून दम लागल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणें इष्ट आहे. हिंदुस्थानांत या दोषाची पहिली नोंद १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत झाली. मध्य भारतांतील आढळाविषयीं शुक्ल व सोळंकी यांचा लेख १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत आला. तेव्हांपासून विदर्भांत अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती व कांहीं इतर मागासवर्गीय समाज यांत तो विशेषेंकरून दिसून आला आहे. यावरून ‘हा अमक्यांचा रोग, आपणांस काय त्याचें?’ असें म्हणणारे लोक सुशिक्षितांतहि भेटतात. हें म्हणणें शास्त्राला धरून नाहीं व माणुसकीलाहि नाहीं. वाहकास हिंवतापाच्या घातक प्रकारापासून संरक्षण मिळतें, हें १९५४ सालीं ॲलिसन यांनीं आफ्रिकेंत दाखविलें. ज्यांच्या पूर्वजांनीं शतकानुशतकें जंगलांत व पाणथळींत हिंवतापाशीं टक्कर दिली, त्यांच्या वंशांत हें अक्षर टिकलें. त्यांत कोणाचा कमीपणा नाहीं. आपल्या घरीं कामास येणारी बाई, अंगणांतला माळी, मुलाचा वर्गमित्र यांच्या घरीं हें दुखणें असूं शकतें, आणि त्यांच्या रजेचें कारण समजून घेणें हें आपल्या शिक्षणाचें निदान फळ असावें.

दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गरोदरपणीं मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, व पूर्ण निर्दोष होण्याचा चारांत एक असतो. म्हणून पत्रिकेबरोबर रक्तहि पाहावें. पहिली तपासणी अगदीं साधी आहे: रक्ताचा थेंब एका द्रावणांत घालतात, सदोष हिमोग्लोबिन असेल तर तें न विरघळतां पाणी गढूळ होतें व नळीमागील रेघा दिसत नाहींत. वाहक कोण व रोगी कोण हें ठरविण्यास मात्र पुढील तपासणी करावी लागते. नागपुरांतील शासकीय रुग्णालयांत तिची सोय आहे, आणि चंद्रपुरास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचें हिमोग्लोबिनविकारांसंबंधींचें केंद्रहि आहे. १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथून केंद्र सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा व २०४७ पर्यंत रोग हटविण्याचा तिचा संकल्प आहे.

सरकारचा संकल्प सिद्धीस जाणें शेवटीं घराघरांतील समजुतीवर अवलंबून आहे. विवाह जुळवितांना रक्ततपासणीचा विषय वडील मंडळींनीं संकोच न ठेवतां काढावा. कोणी वाहक निघाला तर त्यास दूषण देऊं नये, कारण वाहक हा रोगी नव्हे आणि त्याचा विवाह पूर्ण निर्दोष रक्ताच्या व्यक्तीशीं झाल्यास संततीस हा रोग होण्याची भीति नसते. आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दारीं आलेल्या प्रत्येकास पाण्याचा तांब्या पुढें करण्याची जी आपली जुनी चाल आहे, ती टाकूं नये. कोणाच्या रक्तांत किती दाटी आहे हें चेहऱ्यावरून कळत नसतें.